ग्लिस्कॉर: ४४ एचपीचा हिशेब

पोकेमॉन गेमच्या लढाईत ग्लिस्कॉर या पोकेमॉनला पॉइझन हील ॲबिलिटी (विषाचा फायदा करून देणारा अंगभूत गुण) आणि टॉक्सिक ऑर्ब (धरणाऱ्यालाच विष चढवणारी वस्तू) द्या. विष चढलं की दर टर्नला उलट एकूण एचपीच्या (जीवाच्या गुणांच्या) १/८ भरतो. लेव्हल १००, आयव्ही (जन्मजात गुण) ३१ असेल तर एचपीत २४४ ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) पुरे: एचपी ३५२, भरणार ४४. २५२ घातले तरी ४४च! सबस्टिट्यूट या चालीला (आपला मार झेलणारा बाहुला उभा करायला) ८८ जातात. पुढच्या टर्नला प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी चाल) केलं की दोन टर्नांत ते वसूल.

घोळ होतो सुरुवातीला. ऑर्ब टर्न संपताना लागतो. त्याआधी समोरच्याने विल-ओ-विस्प या चालीने भाजलं तर विष चढतच नाही. म्हणून लीडला (लढाईत सर्वांत आधी) आणलात तर पहिली चाल प्रोटेक्टच. विष चढल्यावर नॉक ऑफने (हातातली वस्तू पाडणारी चाल) ऑर्ब उडाला तरी बिघडत नाही. टाँट (फक्त हल्ल्याच्या चाली करू देणारी चाल) मात्र सबस्टिट्यूट आणि प्रोटेक्ट दोन्ही बंद पाडतो, आणि आइस (बर्फ) प्रकारच्या चालींचा मार चौपट बसतो. तसा कुणी समोर आला की मुकाट्याने ग्लिस्कॉरऐवजी दुसरा पोकेमॉन आणा.