होडीत कार स्टीरिओ बसवताना या चुका टाळा

उजनी जलाशयाच्या काठावर, माढा किंवा करमाळा तालुक्यात, ज्यांची स्वतःची लहान फायबरची होडी आहे त्यांना जुन्या गाडीतला स्टीरिओ तिच्यात बसवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. सोलापुरात गाड्यांचे वायरिंग करणारे कुशल कारागीर पुष्कळ आहेत. पण गाडीत बरोबर असलेली पद्धत होडीत तशीच वापरली, तर काम बिघडते.

सर्वांत मोठी चूक काळ्या, म्हणजे निगेटिव्ह वायरची. गाडीत ही वायर पत्र्याला स्क्रूने आवळली की भागते, कारण बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत न्यावी लागते, आणि तीही पॉझिटिव्हइतकीच जाड असावी. ॲल्युमिनियमच्या होडीत बॉडीला अर्थ दिला तर स्टीरिओ लागेल, म्हणूनच तो मोह अधिक घातक आहे. धातूतून वाहणारा प्रवाह पाण्याच्या संपर्कात तळ कुरतडू लागतो.

वायर वाचवण्यासाठी दोन स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र करणे किंवा त्या बॅटरीला जोडणे हेही टाळावे. आजच्या स्टीरिओमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असते, त्यामुळे अशा जोडणीने आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो.

स्टीरिओच्या मागचा फ्यूज केवळ स्टीरिओचे रक्षण करतो. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर मध्येच घासून उघडी पडली, तर तो काहीच करू शकत नाही. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून साधारण 18 सेंटिमीटरच्या आत दुसरा फ्यूज असलाच पाहिजे. पेट्रोलची टाकी असलेल्या बंद कप्प्यात साधे स्विच किंवा जोड ठेवू नयेत. या बाबतीत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पाण्यावर आग लागली तर पळायला जागा नसते.

पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवण्यासाठी सतत थोडी वीज घेत राहते. रोज चालणाऱ्या गाडीत ते जाणवत नाही, पण आठवडेच्या आठवडे बांधून ठेवलेल्या होडीची बॅटरी त्याने हळूहळू उतरते. पिवळी आणि स्टीरिओ चालू करणारी लाल, दोन्ही वायरी एकाच मुख्य स्विचमधून घ्याव्यात आणि होडी बांधताना तो बंद करावा. स्टेशने पुन्हा लावावी लागतील, पण इंजिन चालू होईल. दोरीने ओढून सुरू होणाऱ्या काही लहान आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनांतून निघणारी वीज एसी आणि अनियंत्रित असते. ती डीसी करून स्थिर ठेवणाऱ्या रेक्टिफायर-रेग्युलेटरशिवाय स्टीरिओला कधीही देऊ नये.

उजनीचे पाणी गोडे असल्याने गंजाची भीती नाही, हा समज चुकीचा आहे. दमटपणा तांब्याच्या उघड्या टोकातून वायरच्या आत शिरतो. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नयेत, थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून बसवावेत आणि वर श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) चढवावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडावर लावले, तर त्यातील आम्लाने तांबे हिरवे पडते. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्यावे. स्टीरिओजवळ येणाऱ्या वायरला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. कागदी कोनचे स्पीकर फुगतात, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे टिकतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा स्टीरिओ बंदिस्त खोक्यात कोंडू नये.

तक्रार आलीच तर आधी मल्टिमीटर घ्यावा. आवाज वाढवलेला असताना बॅटरीवर आणि स्टीरिओच्या मागे व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. बॅटरीवरच 12 व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल, तर स्टीरिओ उघडण्याचे कारण नाही, आधी बॅटरी चार्ज करावी. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल, तर स्टीरिओच्या वायरी इंजिनच्या वायरींपासून दूर नेऊन पाहाव्यात. आणि सोलापूर आकाशवाणी खरखरत असेल, तर गाडीचा अँटेना बदलावा. तो पत्र्याच्या आधाराने काम करतो, फायबरच्या होडीसाठी तशा आधाराशिवाय चालणारा अँटेना लागतो.