पूर येण्याआधी बोटीच्या इंजिनाची गळती काढा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. त्या दिवशी इंजिन उघडायला सवड नसते, म्हणून गावच्या बचाव बोटीचं इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची गळती शोधायचं हे काम मे महिन्यातच उरका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या मशीनी गाळ पिऊन चालल्या, त्यांच्याकडे तर आधी बघा.

आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, नदीचंच पाणी ओढून थंड होतं. त्याला रेडिएटर नाही, पातळी बघायला टाकी नाही; मागून निघणारी पाण्याची धार हीच पाणी फिरत असल्याची खूण. आधी सामान जमवा: मोठं पिंप, स्वच्छ पाणी, मॉडेल नंबर दाखवून आणलेला इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) आणि गॅस्केट (सांध्यातली पाणी अडवणारी चकती), टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा), उजेडाची बॅटरी, जुनी वर्तमानपत्रं. पंखा काढून मशीन उघड्यावर पिंपात बसवा आणि पाणी ओढणाऱ्या जाळीच्या वर वीतभर पाणी ठेवा. कोरडं मशीन क्षणभरही चालवू नका. रबरी इंपेलरला पाणी हेच वंगण असतं, ते नसलं की तो जळतो.

मशीनचं बाहेरचं झाकण काढून नळ्यांचे सांधे, थर्मोस्टॅटची (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेची) टोपी आणि सिलिंडर हेडची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) कड फडक्याने कोरडी करा. मशीन सुरू करून लक्ष ठेवा, पण फिरत्या चाकाजवळ हात नको. मशीन बंद केल्यावर प्रत्येक जागी कागद टेकवा. थेंब दिसतो तिथेच गळती असेल असं नाही, पाणी ओघळत खाली येतं. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. थंडपणी कोरडा असलेला सांधा तापल्यावर गळू शकतो, म्हणून दोन्ही वेळा बघा.

बाहेर थेंब नाही, तरी मागची धार नेहमीपेक्षा बारीक? आधी धारेच्या भोकात पातळ तार घाला, उन्हाळ्यात कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. तेवढ्याने भागलं नाही तर खालचा पंप उघडा. इंपेलरची पाती मोजा. एखादं तुटलं असेल तर तो तुकडा आतल्या वाटेत अडकलेला असू शकतो, तो सापडेपर्यंत जुळणी करू नका. गिअरचं तेल ताकासारखं पांढरं निघालं तर पाणी आत येऊ न देणारं सील गेलंय, ते काम मेकॅनिककडे द्या.

चिरलेल्या नळीला टेप गुंडाळू नका, नवी घाला. हेडचं गॅस्केट बदलल्यावर बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्कनेच आवळा. मग पिंपात पुन्हा दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करून कागद टेकवा. कागद कोरडा निघाला की पंखा बसवा आणि जास्तीचा इंपेलर बोटीच्या पेटीत ठेवा.