एसएसडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड: भाव ताडून बघताना या चुका टाळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, नाहीतर घरी बसून चार साइट उघडा. नुसतं '१ टीबी एसएसडी' (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) म्हणालात तर चार भाव हाती येतात. सगळ्यात खालचा भाव सांगणारा फसवतच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच वस्तूचा भाव सांगत असतो. भाव जुळवण्याआधी वस्तू जुळवायची असते, आणि गिऱ्हाइक नेमकं तेच विसरतं.

नुसते जीबी बघून भाव काढणं

एम.२ हा एसएसडीचा फक्त आकार आहे, वेग नाही. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ती च्युइंगगमसारखी पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. हे जोडणीचे दोन प्रकार: साटा जुना, एनव्हीएमई नवा. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडतो. एनव्हीएमई पीसीआयई ३ वर (पीसीआयई ही कॉम्प्युटरमधली वाट, पुढचा आकडा तिच्या पिढीचा) ३,५०० आणि पीसीआयई ४ वर ७,००० एमबीच्या आसपास जाते. पट्टीच्या कडेला साटाला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. जुन्या लॅपटॉपमधला स्लॉट अनेकदा यातला एकच प्रकार घेतो. साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई लावली की बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ती दिसतच नाही आणि मग दुकानदाराने खराब माल दिला म्हणून वाद होतो. लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्लॉट कोणता ते आधी बघा. आत जुनी अडीच इंची हार्ड डिस्कच असेल तर एम.२चे भाव बघण्यात वेळ घालवू नका. त्याच मापाची साटा एसएसडी घ्या.

आता आकार तोच, कंपनी तीच, तरी भाव वेगळा कसा? सॅमसंगची ८७० ईव्हो आणि ८७० क्यूव्हीओ शेजारी ठेवा. दोन्ही साटा, दोन्ही अडीच इंची, दोन्हींच्या खोक्यावर वेगाचे आकडे जवळपास सारखे. पण १ टीबीच्या ईव्होवर ६०० टीबी लिहिण्यापर्यंतची किंवा पाच वर्षांची वॉरंटी आहे, तर क्यूव्हीओवर ३६० टीबी किंवा तीन वर्षांची. कारण आतली मेमरी वेगळी: ईव्होत टीएलसी, क्यूव्हीओत क्यूएलसी. क्यूएलसीच्या एका पेशीत जास्त बिट कोंबलेले असतात, म्हणून ती स्वस्त पडते. छोट्या फाइल टाकताना फरक जाणवत नाही. शंभर-दीडशे जीबी एका दमात टाकायला गेलात की कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरते आणि वेग एकदम बसतो, कधीकधी साध्या हार्ड डिस्कच्याही खाली. खोक्यावरच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहिलेलं असतं ते यासाठीच. अर्थात लग्नाचे फोटो एकदा टाकून कपाटात ठेवायचे असतील तर क्यूएलसी घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त टीएलसीच्या भावात घेऊ नका.

'यूएसबी ३.२' वाचून जास्त पैसे देणं

यूएसबीची नावं ज्यांनी ठरवली त्यांना गिऱ्हाइकाची दया आली नसावी. २००८ साली आलेली ३.० पुढे '३.१ जेन १' झाली आणि मग '३.२ जेन १'. तिन्हींचा वेग एकच, ५ जीबीपीएस. म्हणजे एका खोक्यावर ३.० आणि दुसऱ्यावर ३.२ जेन १ असेल, तर दुसऱ्यासाठी शंभर रुपयेसुद्धा जास्त मोजायचं कारण नाही. जेन २ असेल तर मात्र वेग १० जीबीपीएस. हे आकडे बिटचे आहेत, बाइटचे नव्हेत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. ५ जीबीपीएस म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला चारशे-साडेचारशे एमबी.

आणि तोसुद्धा पोर्टचा वेग. पेनड्राइव्ह तेवढी पळेलच याची खात्री नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा बऱ्याचदा छापलेलाच नसतो. स्वस्तातली ३.० पेनड्राइव्ह सेकंदाला १५ एमबीने लिहीत असेल तर २० जीबीचा व्हिडिओ टाकायला बावीस मिनिटं लागतात. भाव ताडताना लिहिण्याचा वेग कुठे छापलाय ते शोधा. तो जो लपवतो, त्याचा स्वस्त भाव मला तरी स्वस्त वाटत नाही.

मेमरी कार्डावर हे जरा सोपं आहे. यू१ म्हणजे सलग लिहिण्याचा किमान वेग १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबी. फोरके व्हिडिओसाठी यू३च बघा.

'१६ टीबी, फक्त दीड हजारात'

अशा जाहिराती सगळीकडे दिसतात आणि लोक अजून घेतात. आत ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड असतं. ते चालवणाऱ्या चिपला, म्हणजे कंट्रोलरला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरला लावलं की १६ टीबी दिसतात, फाइलही कॉपी होतात, नावं-तारखा सगळं जागेवर. खरी जागा भरली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्या डेटावर चढतो. हे कळतं ते काही महिन्यांनी, फोटो उघडायला गेल्यावर. तोवर माल परत करायची मुदत संपलेली असते.

उपाय फुकट आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ नावाचं सॉफ्टवेअर. सगळी जागा फाइलींनी भरायची आणि परत वाचून ताडायची. १२८ जीबीचं कार्ड २० एमबीच्या वेगाने भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. तेव्हा रात्री लावून झोपा. पण स्वतःची एकही फाइल टाकण्याआधी आणि परतीची मुदत संपण्याआधी. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

बिल, वॉरंटी आणि अमेरिकेतला भाचा

दुकानात सांगितलेला भाव अनेकदा 'प्लस जीएसटी' असतो, ऑनलाइन दिसतो तो करासकट. स्टोरेजवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५,००० चे ५,९०० होतात. 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणणाऱ्याला हात जोडा, कारण तीन-पाच वर्षांच्या वॉरंटीचा आधार ते बिलच असतं. जीएसटी नंबर असलेल्या व्यावसायिकाने तर करासकटचा आणि कराविनाचा भाव कधीच शेजारी ठेवू नये. त्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला ड्राइव्ह आणायला सांगताना दोन गोष्टी लक्षात घ्या. तिथल्या साइटवरच्या भावात सेल्स टॅक्स धरलेला नसतो, आणि तिथे घेतलेल्या ड्राइव्हची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून बघता येतं.

नव्याच्या भावात जुना मालही गळ्यात पडू शकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर उघडून ड्राइव्ह किती तास चाललाय ते बघा. शेकडो तास दिसले तर परत करा. शून्य दिसलं म्हणूनही पूर्ण निर्धास्त होऊ नका. २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. ते पकडलं गेलं डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदीतून.

सेलची वाट बघत बसणं

सूट एमआरपीवर दाखवतात, आणि त्या एमआरपीला माल कोणी घेतलेलाच नसतो. कीपासारख्या, अॅमेझॉनवरचे जुने भाव दाखवणाऱ्या टूलवर गेल्या काही महिन्यांचा भाव बघा, त्याच्याशी ताडा. 'मागच्या वर्षी इतक्यात मिळत होती' हाही आधार कच्चा. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्कचे भाव कडाडले. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने फ्लॅश मेमरी महागली. गरज आज असेल तर आज घ्या.

घेतली, पण हळू चालते किंवा दिसतच नाही

पहिला संशय केबलवर घ्या. मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २.०ची असते, तिच्यावर महागडी एसएसडीसुद्धा सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीने रांगते. एसएसडी आणि केसिंग (ती बसवायची बाहेरची डबी) वेगळं घेऊन जोडायचा बेत असेल तर केसिंग आणि चांगल्या केबलचे पैसे मिळवून मगच तयार पोर्टेबल एसएसडीशी भाव ताडा. केसिंग साटाचं की एनव्हीएमईचं, तेही विचारा.

नवी एसएसडी 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे 'इनिशियलाइज' करून पार्टिशन केलं की ती येते. ४ जीबीहून मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं आधी काढून घेऊन. एवढं करूनही चालत नसेल तर सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून लगेच परत पाठवा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.