टाइपरायटरची बोटं इन्स्क्रिप्टवर कशी वळवायची

संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्डवर येताना रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळरचनेची, सवय पुसायच्या भानगडीत पडू नका. ती पुसली जात नाही, मागे सरते. क्लासला येणाऱ्या निवृत्त टायपिस्ट काकांना मी हेच सांगते. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं, विसरलेलं पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो. म्हणजे आत काहीतरी उरतंच.

खरा घोळ पहिल्या वेलांटीचा. टाइपरायटरवर ती अक्षराआधी मारायची, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. म्हणून ‘दिवस’, ‘किती’, ‘मिळकत’ असेच शब्द घ्या, तोंडाने म्हणत: क, मग वेलांटी. घाई केली की जुनं बोट उसळतंच, तेव्हा घड्याळ लावू नका. जोडाक्षराला अर्धं अक्षर शोधू नका. पूर्ण अक्षर, ‘डी’ कळीवरचा हलन्त (पाय मोडायची खूण), पुढचं अक्षर. घरी जुनं मशीन असेल तर सध्या झाकून ठेवा.