काउंटरवर आजार मोठ्याने सांगू नका, चिठ्ठी द्या

दवाखान्यात नाव नोंदवताना "काय त्रास होतोय?" असं विचारतात. आपण सांगतो आणि बाकावर बसलेले सगळे ऐकतात. फोन नंबर, जन्मतारीखसुद्धा.

त्यापेक्षा घरूनच चिठ्ठी लिहून न्या. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि त्रास एका ओळीत. त्रास लिहायचा नसेल तर "डॉक्टरांनाच सांगेन" एवढं पुरतं. खाली आणखी एक ओळ आवर्जून लिहा: "रिपोर्टबद्दल फक्त याच नंबरवर, माझ्याशीच बोला. दुसऱ्या कुणाजवळ निरोप ठेवू नका." मला तर सगळ्यात मोलाची हीच ओळ वाटते. फोन भलत्याच माणसाने उचलला की गोष्ट चारचौघांत जायला वेळ लागत नाही.

नोंद झाली की चिठ्ठी परत मागून घ्या आणि घरी जाऊन बारीक फाडा. काउंटरवर उघडी पडलेली चिठ्ठी मागचा पेशंट उभ्या उभ्या वाचतो.

मात्र औषधाची अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या, गरोदरपण हे डॉक्टरांपासून अजिबात लपवू नका. आणि छातीत दुखत असेल किंवा श्वास घेता येत नसेल, तर चिठ्ठी राहू द्या, तिथेच मोठ्याने सांगा.