बेटावर मित्रांसोबत रात्र काढायची आहे? या चुका टाळा

कॉलेज सुटून पंचवीस वर्षे झाल्यावर आम्ही सात मित्रांनी डिसेंबरातली पौर्णिमा साधून मालवण तालुक्यातल्या एका खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या बेटावर एक रात्र मुक्काम केला. सकाळी अकराच्या सुमारास होडीतून उतरलो तेव्हा भरती नुकतीच पूर्ण झाली होती. ओल्या वाळूची कड स्पष्ट दिसत होती, म्हणून तिच्यापासून चार पावले वर तंबू ठोकले आणि पुरेशी काळजी घेतल्याचे समाधान मानले. होडीवाले काका निघताना म्हणाले होते, "थंडीत रातची भरती मोठी येता, तंबू वर घेवा." त्यावर आमच्यापैकी एकाने "काका, पाणी इथवरच येतं, आत्ताच पाहिलं की," असे उत्तर दिले. रात्री सव्वाअकराला पहिल्या तंबूच्या तळातून गार पाणी आत शिरले. बाहेर येऊन पाहतो तो तीन चपला, एक उशी आणि कांद्यांची पिशवी चांदण्यात डुलत होती.

पाहिलेल्या पाण्यावर विश्वास ठेवणे ही बेटावरच्या मुक्कामातली सर्वांत मोठी चूक आहे. आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे दिवसाउजेडी एक भरती पाहिली तर दुसरी बहुधा झोपेत गाठते. आणि या दोन्ही भरत्यांची उंची सारखी नसते. जून-जुलैत उधाणाची मोठी भरती दुपारच्या सुमारास येते, तर डिसेंबर-जानेवारीत ती मध्यरात्रीच्या आसपास येते. तंबू घेऊन बेटावर जाण्याचा हंगाम नेमका थंडीचा असल्यामुळे दुपारची रेषा पाहून जागा निवडणारा हमखास फसतो.

जागा निवडताना पाण्याकडे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहावे. किनाऱ्यावर काटक्या, सुके शेवाळ, शिंपले आणि प्लास्टिक यांच्या दोन-तीन रेषा एकीवर एक दिसतात. त्यांतली सर्वांत वरची रेषा मोठ्या उधाणाची असते आणि हिशेब तिच्यापासून सुरू करावा. त्याहूनही भरवशाची खूण म्हणजे मर्यादवेल. जांभळ्या फुलांची ही वेल नेहमीच्या भरतीच्या पलीकडे वाळूवर पसरते, तिचे नावच मुळी त्यावरून पडले असावे. तंबू वेलीच्या वरच्या अंगाला, तिला न तुडवता लावावा. ज्या बेटावर मर्यादवेल नाही, गवत नाही, नुसती गुळगुळीत वाळू आहे, तिथे मुक्काम करूच नये, कारण उधाणात पाणी त्या बेटावरून आरपार जात असण्याची शक्यता दाट असते.

भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होईल ते साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता पाहावा, मात्र तो जवळच्या बंदराचा असावा. मुंबईचा तक्ता मालवणला लावणे चुकीचे आहे, कारण दक्षिणेकडे भरती आधी येते आणि मुंबईपेक्षा पाणीही कमी चढते.

पौर्णिमेचाच हट्ट धरणे हीदेखील आमची चूकच होती. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवणाच्या वेळी चांदणे आणि गप्पांच्या वेळी आकाशभर तारे असे दोन्ही मिळते. आम्हाला हे सुचले नाही, कारण ज्याने कॉलेजात प्रत्येक सहल ठरवली त्यानेच ही सहलही ठरवली आणि बाकीच्यांनी जुन्या सवयीने मान डोलावली.

जुन्या मित्रांच्या गटाचा हा खास दोष आहे. अनोळखी लोक प्रश्न विचारतात. मित्र मात्र "तो बघेल" म्हणून मोकळे होतात. परिणामी आमच्याकडे चार स्पीकर होते आणि पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा एकच जार होता. स्वयंपाक धरून माणशी किमान चार लिटर पाणी लागते, म्हणजे सात जणांना एका दिवस-रात्रीसाठी २८ लिटर, शिवाय सकाळी होडीला उशीर झाला तर थोडे जास्तीचे. बेटावर विहीर असली तरी तिचे पाणी मचूळ असू शकते, त्यामुळे ते हिशेबात धरू नये. आणखी एक गोष्ट मोठ्याने विचारायला हवी, ती म्हणजे रोजची औषधे. चाळिशी ओलांडलेल्या गटात रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारा कोणी ना कोणी असतोच. आमच्यातल्या एकाच्या गोळ्या धक्क्यावर उभ्या केलेल्या गाडीत राहिल्या आणि त्याने ते जेवण झाल्यावर सांगितले.

कोणते बेट निवडावे, याबद्दल थोडक्यात. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या जलदुर्गांवर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे सुवर्णदुर्ग किंवा जंजिऱ्याचा विचार सोडून द्यावा. इतरत्रही ग्रामपंचायतीला विचारावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नावे कळवून ठेवावीत.

रात्री अडचण आलीच तर काय करावे? पाणी तंबूत शिरले तर आधी माणसे मोजावीत, मग माणसे आणि पिण्याचे पाणी उंचावर न्यावे. तंबू रिकामा करून तो उचलून नेता येतो. वाहून जाणाऱ्या वस्तूंच्या मागे कोणीही जाऊ नये. आमचा एक मित्र चपलांसाठी गुडघाभर पाण्यात उतरला, त्याला ओरडून मागे बोलवावे लागले. भरती फिरली की खाडीमुखाशी पाणी समुद्राकडे ओढू लागते आणि ओहोटीच्या मधल्या दोन-तीन तासांत ही ओढ सर्वांत जोरदार असते. पोटात मद्य असलेल्या माणसाने तर रात्री पाण्याजवळ फिरकूही नये, मग तो कॉलेजात पोहण्यात पहिला का आलेला असेना.

वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत, कितीही ठोकल्या तरी पहिल्या झुळुकीला उपटून येतात. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, ती हातभर खोल पुरावी आणि वरची वाळू पायाने घट्ट दाबावी. मग तंबू हलत नाही. तंबूचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे हे संध्याकाळच्या वाऱ्यावरून ठरवू नये. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे रात्री थांबतात आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात, त्यामुळे संध्याकाळी आडोशाला असलेली शेकोटी पहाटे ठिणग्या थेट तंबूवर उडवू शकते. शेकोटी विझवताना तिच्यावर वाळू लोटणे धोक्याचे आहे. वाळूखाली निखारे बराच वेळ धगधगतात आणि अनवाणी पाय नेमका तिथेच पडतो. खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतून, राख ढवळून, हाताला गार लागेपर्यंत ती भिजवावी. थंडी कितीही असली तरी शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत पुढे न्यावा, म्हणजे वाळूत दडलेले पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला सरते. पाकटाचा काटा लागलाच तर जखम स्वच्छ करून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, वेदना कमी होईपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याचा गरमपणा आधी दुसऱ्याने हात घालून तपासावा. काटा खोल रुतला असेल तर तो न उपटता दवाखाना गाठावा. कातळाच्या आणि झुडपांच्या बेटावर फुरसे हा विषारी साप असू शकतो, त्यामुळे रात्री बॅटरीशिवाय फिरू नये आणि बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नये.

शेवटची चूक परतीच्या होडीची. एकाला कुडाळहून सकाळची गाडी पकडायची होती, म्हणून आम्ही होडी सहाला बोलावली होती. रात्री सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे साडेपाचला पूर्ण ओहोटी. सहाला काका आले खरे, पण होडी पलीकडच्या पाण्यातच उभी राहिली आणि मध्ये घोट्याच्या वर रुतणारा चिखल पसरला होता. होडीची वेळ ठरवताना आपली गाडी किती वाजता आहे हे न सांगता, होडी बेटाला कधी लागू शकेल हे विचारावे आणि गाडीचे तिकीट त्यानंतरचे काढावे. होडीवाल्याचा आणि त्याच्या घरच्यांचा असे दोन क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. होडी आलीच नाही आणि कोणी आजारी असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा आपत्कालीन मदतीचा ११२ हा क्रमांक लावावा. इतरांनी सावलीत बसून उरलेले पाणी मोजून प्यावे आणि पाणी चढण्याची वाट पाहावी. आम्हीही तेच केले; नऊच्या सुमारास होडी वाळूला टेकली, तेव्हा तिच्यात आमची कांद्यांची पिशवी होती. ती काकांना येताना खाडीत सापडली होती.