विजेच्या होडीचा फ्यूज निवडताना या चुका टाळा

हतनूर धरणाच्या फुगवट्यात आम्ही एका मासेमारीच्या होडीला 48 व्होल्टची मोटार बसवली. वजन साधावं म्हणून 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला ठेवल्या आणि फ्यूज मागे, मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरशेजारी. महिनाभरात केबल पत्र्याच्या कडेवर घासून सोलली, दोन्ही वायरी पत्र्याला टेकल्या आणि होडीत धूर झाला. फ्यूज शाबूत होता! शॉर्ट झाला होता बॅटरी आणि फ्यूज यांच्या मध्ये. तिथला करंट फ्यूजमधून गेलाच नाही. किनारा जवळ होता म्हणून माणसं वाचली.

फ्यूज मोटारीसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटऱ्यांच्या दोन ओळी पॅरलल जोडल्या असतील तर प्रत्येक ओळीला वेगळा फ्यूज लावा. नाहीतर एक ओळ बिघडली की दुसरी तिच्यात करंट ओतत राहते.

दुसरी चूक गाडीच्या फ्यूजची. बाजारात मिळणारे पात्याचे फ्यूज साधारण 32 व्होल्टचे असतात. आपल्या चार बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी 57 व्होल्टपर्यंत जातात. तार वितळली तरी ठिणगीची कमान पेटती राहू शकते. घरातला एमसीबी लावतानाही हेच पाहा. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कमान विझते. डीसीत तो क्षण येतच नाही. डीसी व्होल्टेज आणि किती अँपिअरचा शॉर्ट तोडू शकतो, हे दोन्ही ज्यावर छापलेलं नाही, तो घेऊ नका. लिथियम बॅटरी असेल तर दुसरा आकडा फार मोलाचा. शॉर्टमध्ये ती हजारो अँपिअर फेकते, म्हणून तिला टी क्लासचा, म्हणजे एवढा मोठा शॉर्ट तोडू शकणारा फ्यूज लावा. बीएमएस, म्हणजे लिथियम बॅटरीवर नजर ठेवून ती तोडणारं सर्किट, आहे म्हणून फ्यूज गाळू नका. त्यातले मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतात तेव्हा बरेचदा चालूच अडकतात.

आता आकडा. 3 किलोवॉटची मोटार 48 व्होल्टला साधारण 62 अँपिअर घेते, बॅटरी उतरून 44 वर आली की 68. पंख्यात जलपर्णी किंवा जाळं अडकलं की आणखी. मी अशा मोटारीला 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि 100 अँपिअरचा फ्यूज लावतो.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून 200 चा टाकणारे भेटतात, त्यांना मी हात जोडून थांबवतो. आधी पंखा मोकळा करा. मग होडी चालवून, मोटार बंद करून लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टने आवळायची कडी, हाताने चाचपा. ढिला लग तापतो आणि ती उष्णता फ्यूजला लवकर वितळवते. भुसावळकडच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, बंद पेटीतला थर्मल ब्रेकर, म्हणजे उष्णतेने पडणारा स्विचही, त्याच्या आकड्याआधीच पडतो. पेटीला सावली आणि वारा द्या.

पाणी उपसायच्या पंपाला मात्र बॅटरीपासूनच वेगळी लाइन आणि वेगळा छोटा फ्यूज हवा. मुख्य फ्यूज उडाला तरी पंप चालला पाहिजे.